तळ्याखालच्या मठातला कारकून

२ ऑक्टोबर २००९, शुक्रवार

पोहोचले. मॅडिसन सोडलं तेव्हा आभाळ भरलेलं होतं. टॅमरॅक लेकच्या फाट्यावर वळले आणि लख्ख ऊन पडलं. तळ्याकाठचे मेपल लालभडक झालेत. व्हर्नाबाईंनी दारातच मला मिठी मारली, मी फार वाळलेय असं जाहीर केलं आणि बॅगा खोलीत टाकायच्या आधीच गावातल्या शुक्रवारच्या मासळीच्या जेवणाला घेऊन गेल्या. तळलेला पर्च मासा, राय धान्याचा पाव, कोबीची कोशिंबीर, ब्रँडी. पंच्याहत्तरीची ही बाई माझ्यापेक्षा जास्त प्यायली आणि माझ्यापेक्षा सरळ चालत घरी आली.

मी इथे का आले ते नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढे स्वतःला फसवायला नको. मी एका खेळाच्या पहिल्यावहिल्या मोहिमांच्या छापील पुस्तिका जमवते. कागद, पेन्सिल आणि फाशांचा तो खेळ, ज्यात एकजण पंच होऊन भुयारं आणि राक्षस तोंडी उभे करतो आणि बाकीचे त्यातून वाट काढतात. माझ्याकडे पिना गंजलेल्या पुस्तिका आहेत, फिक्या निळ्या शाईतले नकाशे आहेत. झेरॉक्स यंत्राला तो निळा दिसत नसे, नक्कल निघू नये म्हणून तसे छापत. पण सगळ्यात चांगली मोहीम कधी छापलीच गेली नाही. ‘तळ्याखालचा मठ’. व्हर्नाबाईंचे यजमान हार्लन पंच असत आणि अख्खा मठ त्यांच्या डोक्यात होता. गेल्या वसंतात हार्लन गेले.

माझा थोरला भाऊ लोवेल त्या टेबलावर नकाशेवाला होता. पंचाचं ऐकून चौकटीच्या कागदावर वाटा काढायचा. तो चोविसाव्या वर्षी गेला. त्याचं जे काही जगात शिल्लक आहे, ते बहुतेक त्या मठात आहे. ज्यांना आठवतं ते आता म्हातारे झालेत. त्यांच्याबरोबर हेही जाऊ द्यायचं नाही, एवढ्यासाठी आले.

३ ऑक्टोबर, शनिवार

तळघर अगदी तसंच ठेवलंय. लांब टेबल, लोखंडी शेगडी, डब्यात जुने फासे, कडा झिजून गोल झालेले. आकड्यांच्या खाचांत मेणखडू घासून भरलेला. दुपारी दोघं आले. डेलमार नोवाक, चीजच्या कारखान्यातून निवृत्त, पूर्वी सगळ्यांच्या वतीने पंचाशी बोलणारा पुढारी. आणि ज्युडिथ ओस्ट्बी, शाळेच्या ग्रंथालयात होत्या, खेळात चोर होत्या. त्यांच्या त्या चोराचं नाव टॅन्सी. हार्लन गेल्यापासून पंचाची खुर्ची रिकामी ठेवून, व्हर्नाबाई धरून तिघं आठवेल तसे खेळतात.

मला सगळे ‘धाकटी’ म्हणतात. डेलमार म्हणाले, तुझा भाऊ भिंती अशा काढायचा की आम्ही कागदालाच टेकून बसायचो.

मग बेडकांचं दालन निघालं. पाण्यात बसून बेडूक सांजेची प्रार्थना म्हणतात आणि एक बेडूक दरवेळी तीच ओळ चुकतो. डेलमारचा धर्मनिष्ठ सरदार ती चूक सुधारायला वाकला आणि बेडकाने त्याला शिरस्त्राणासकट गिळलं. डेलमारनी ते तोंड करून दाखवलं तेव्हा व्हर्नाबाईंना डोळे पुसावे लागले.

खेळ संपला आणि नकाशा शेगडीत टाकला. मी अक्षरशः हात पुढे केला. इथली रीत अशी की नकाशा दर शनिवारी जाळायचा आणि पुढच्या शनिवारी आठवून नव्याने काढायचा. व्हर्नाबाईंनी मला बजावलं, “कागद या जिन्यावर चढायचा नाही. नियम हार्लनचा आहे, माझा नाही, म्हणून माझ्याशी घासाघीस करू नकोस.” मी कबूल केलं.

वर येऊन आठवणीतून सगळं लिहून काढलं. जिन्यावर कागद चढला नाही. शब्द पाळला, अर्थ पाळला नाही. हे मला कळतं. पण जे जळतं ते माझ्याने बघवत नाही.

१० ऑक्टोबर, शनिवार

मी मुद्दाम बेडकांचा विषय काढला. डेलमारनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, कसले बेडूक. मला वाटलं खेचताहेत. मग त्यांच्या चेहऱ्यावरून तसं वाटेना. ज्युडिथनाही आठवेना. व्हर्नाबाई म्हणाल्या, मठात बेडूक असते तर हार्लनने मला सांगितलं असतं.

आज घंटेचं दालन मिळालं: घंटा वाजवली की आवाज आधी येतो, लोलक नंतर हलतो. रात्रीच्या जेवणाआधी बसून पूर्ण लिहिलं, कोण काय म्हणालं तेसुद्धा. त्यांचं वय झालंय. म्हणूनच घाई करायला हवी.

१७ ऑक्टोबर, शनिवार

घंटा कोणालाच आठवत नाही.

ज्युडिथकडे चहाला गेले होते. त्यांच्या करड्या मांजरीचं नाव त्या चोरावरून ठेवलेलं, पहिल्याच दिवशी कौतुकाने सांगितलं होतं. आज त्या तिला नुसतं “मांजरे, इकडे ये” म्हणत होत्या. मी नाव विचारलं. त्या मांजरीकडे बघत म्हणाल्या, हिला नाव ठेवायचं राहूनच गेलं असेल.

तीन तारखेचं पान उघडलं. तिथे माझ्या अक्षरात लिहिलंय: टॅन्सी.

१९ ऑक्टोबर, सोमवार

शंका आली की तपासायची, ही माझी सवय. काल आईच्या राय पावाबद्दल एक ओळ एका कोऱ्या कागदावर लिहिली: ती वरून काय लावायची आणि मला त्यातलं काय आवडायचं. आज तो कागद वाचला. कुठल्यातरी बाईच्या पावाबद्दल आहे. छान लिहिलंय.

मग या वहीचं पहिलं पान. झाडं लाल होती म्हणे. मासळी खाल्ली म्हणे. आणि कोणी लोवेल. अक्षर माझं आहे, नाव कोणाचंच नाही.

खाली जाऊन विचारलं. व्हर्नाबाई म्हणाल्या, “तुझा भाऊ आठवतो की, उंच पोरगा. नाव... थांब, जिभेवर आहे.” जिभेवर नव्हतं.

म्हणजे मी लिहिते ते सगळ्यांकडून जातं. माझ्याकडूनही. मी जमवत नव्हते. मी पुसत होते.

भावाचा चेहरा मला आठवतो. तो कसा दिसायचा हे इथे कुठेच लिहिलेलं नाही. लिहिणारही नाही.

२१ ऑक्टोबर, बुधवार

व्हर्नाबाईंना सगळं सांगितलं, जिन्याबद्दलची माझी लबाडीसुद्धा. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. त्यांनी कॉफी ओतली आणि मठाच्या शेवटच्या दालनाबद्दल सांगितलं. तिथे राक्षस नाही. एक कारकून बसलेला असतो, अंगावरून तळ्याचं पाणी गळत असतं, हातात टाक. तो लढत नाही. फक्त अदबीने विचारतो, “मग पुढे काय?” सांगत गेलं की तो लिहीत जातो, आणि लिहिलेलं त्याचं होतं. हार्लनला तो कुठून सुचला हे त्यांनी कधी सांगितलं नाही. त्या दालनानंतरच नकाशे जाळायची रीत पडली.

त्या दालनात फक्त हार्लन आणि माझा भाऊ गेले होते, एका हिवाळ्यातल्या दुपारी, दोघंच. तिथे काय झालं ते हार्लनबरोबर गेलं. पण भावाने घरी येऊन मला सांगितलं होतं. म्हणजे आता ते फक्त माझ्याकडे आहे.

हे लिहीत असताना मागे कुणीतरी खुर्ची ओढली.

२२ ऑक्टोबर

खिडकीतून ऊन येतंय. समोरच्या खुर्चीची गादी ओली आहे. पाण्याला तळ्याच्या तळाचा वास. मी पेन्सिलने लिहिते, बोटांवर शाई आहे.

मी थांबले की ऐकू येतं. आवाज वाईट नाही. चांगल्या ग्रंथपालासारखा.

मग पुढे काय?

२४ ऑक्टोबर, शनिवार

नाही. असं घाबरून मॅडिसनला पळायचं नाही.

माझी सगळी टिपणं तळघरात नेली आणि मोठ्याने वाचली. बेडूक, घंटा, सगळं. तिघांनी परक्याची गोष्ट ऐकावी तसं ऐकलं. डेलमार चुकीच्या जागी हसले. मग मी पंचाच्या खुर्चीत बसले आणि विचारलं, तुमच्यासमोर बेडूक प्रार्थना म्हणताहेत, एक चुकतोय, काय करता?

डेलमारनी फासा टाकला. म्हणाले, “मी त्याच्या शेजारी बसतो आणि त्याच्यासारखाच चुकतो.” पूर्वीचं हे नाही. पण ज्युडिथ खिदळल्या आणि त्यांनी आपल्या चोराला नवं नाव दिलं. ते नाव मी इथे लिहिणार नाही, मांजरीचंही.

टिपणं शेगडीत टाकली. गेलेलं परत आलं नाही. पण नवं गेलंही नाही.

डेलमारना निघताना कारकुनाबद्दल विचारलं. ते म्हणाले, हार्लनने मला एवढंच सांगितलं होतं: “त्याला अर्धं सांगायचं, धाकटे, आणि उठायचं. वाक्य पुरं झाल्याशिवाय त्याला खुर्ची सोडता येत नाही.”

२६ ऑक्टोबर

डेलमारना फोन केला. ते म्हणतात, असं काही मी बोललोच नाही. मलाही आठवत नाही. वरच्या ओळीत आहे, म्हणून खरं.

तो आता सगळ्या घरात — जिन्यावर ओली पावलं — व्हर्नाबाईंनी फडक्याने पुसली, म्हणाल्या, माझ्या घरात चपला बाहेर काढतात.

२८ ऑक्टोबर

आज पावलं तळघराच्या दारापर्यंत. खाली ते तिघं खेळतील, बोलतील, तो ऐकेल —

वही जाळली तर तो मोकळा. त्याला बसवून ठेवायला वहीच हवी, अर्ध्या वाक्याची.

३० ऑक्टोबर

उठले तेव्हा पेन्सिल हातात. उशीवर लिहिलेलं, माझ्या अक्षरात. भावाचे डोळे — कुठला रंग होता — गेला. डोळे गेले.

बाकीचा चेहरा आहे. हात माझा आहे.

३१ ऑक्टोबर, शनिवार, दुपार

खाली सगळे जमलेत. व्हर्नाबाईंनी हाक मारली, मी येते म्हणाले. आज मी त्यांना शेवटचं दालन खेळवणार आहे. भावाने तिथे काय केलं ते मोठ्याने सांगणार, मग ते त्यांचंही होईल, आणि नकाशा जळेल, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा निघेल. त्यात चुका होतील. होऊ देत.

तो समोर बसलाय. टाक बुडवून तयार. अशी आशा मी कुणाच्या तोंडावर पाहिली नाही, आणि खरं सांगायचं तर ती माझ्या ओळखीची आहे. मीही अशीच आले होते.

ज्याला ही वही सापडेल त्याने ती जाळू नये, आणि खालचं वाक्य पुरं करू नये, मनातसुद्धा. ते पुरं होईपर्यंत याला इथून उठता येणार नाही.

विचार. हो, पुन्हा विचार. सांगते.

शेवटच्या दालनात तुझ्यासमोर उभं राहून माझ्या भावाने