बासष्ट बाटल्या 'सुस्थितीत मिळाल्या' या सहीस नकार

प्रति,
मा. निरीक्षक,
उत्पादन शुल्क उपकार्यालय,
सावरधरा, जि. यवतमाळ.

अर्जदार : आभा यज्ञेश्वर पांढरीपांडे, वय ४१ वर्षे, चालक, 'पळसबन' रेस्टॉरंट, वणी रस्ता, सावरधरा.

विषय : जप्त केलेल्या वाइनच्या ६२ बाटल्या 'सुस्थितीत मिळाल्या' अशी पावती लिहून देण्यास नकार देणेबाबत.

संदर्भ : १) जप्तीचा पंचनामा, दि. ९ मे २०२५.
२) आपले पत्र, दि. १० जून २०२५.
३) आपल्या दालनातील तोंडी सूचना, दि. १२ जून २०२५.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, संदर्भ क्र. ३ अन्वये आपण अर्जदारास सही करून मोकळे होण्यास सांगितले. अर्जदार सही करणार नाही. कारणे पुढीलप्रमाणे.

१. अर्जदाराने पुण्याच्या एका हॉटेलात नऊ वर्षे वाइन वाढण्याचे काम केले. आई गेल्यावर वडील एकटे पडले, म्हणून २०२१ साली ती सावरधऱ्यास परतली व पुढील वर्षी तिने 'पळसबन' सुरू केले. स्वयंपाकघर हुस्नाबी शेख यांच्याकडे आहे. त्यांच्या हातचे वांग्याचे भरीत, पाटोडी रस्सा व मटण खाण्यास यवतमाळ-वणीहून कुटुंबे येतात. आपणही सहकुटुंब दोनदा येऊन गेला आहात. बियर व वाइनचा परवाना रीतसर घेतलेला असून त्यात आजवर एकही खोट निघालेली नाही.

२. या प्रकरणाचे मूळ पळसबनच्या वाइन-यादीत आहे. ती कशी झाली हे सांगितल्यावाचून सहीस नकार का, हे उमगणार नाही. करिता विस्ताराबद्दल क्षमा असावी.

यादीत नऊच वाइन आहेत. त्या नऊ निवडण्यास अकरा महिने लागले. दर सोमवारी रेस्टॉरंट बंद असे. त्या दिवशी हुस्नाबी एकच पदार्थ रांधीत, अर्जदार त्यासोबत चार-पाच वाइन ओती, आणि गावातील दोन शिक्षिका व एक दंतवैद्य जेवायला बसत. हुस्नाबी स्वतः वाइनला हात लावीत नाहीत. त्या दारात उभ्या राहून फक्त जेवणाऱ्यांची तोंडे पाहत. पुण्यात नावाजलेली एक लाल वाइन अर्जदाराने मटणासोबत मोठ्या हौसेने मांडली, तेव्हा त्या म्हणाल्या, "पाह्य ना बाई, तिघंबी पानी मांगून राह्यले. तुही लालवाली माह्या मिरचीसंग भांडून राह्यली. एकीले तं काढा लागन." त्यांचे म्हणणे खरे होते. तशा तुरट लाल वाइनने तिखट अधिकच झोंबते. अर्जदाराने ती वाइन काढली, मिरची ठेवली. मटणापुढे किंचित गोडसर पांढरी शेनिन आली, ती थंडगार. अंबाडीच्या भाजीपुढे आंबटपणात तिला पुरून उरेल अशी एक, आणि भरताच्या धुरकट चवीपुढे हलकी लाल शिराझ. जिचे जेवणाशी जमले नाही ती यादीत आली नाही, मग तिचे नाव कितीही मोठे असो.

३. यादीचा मजकूर अर्जदाराचे वडील यज्ञेश्वर पांढरीपांडे, सेवानिवृत्त अव्वल कारकून, यांनी तपासला. ते जन्मात दारूला शिवलेले नाहीत. वाइनचा विषय घरात निघाला तेव्हा ते चार दिवस अर्जदाराशी बोलले नव्हते. पाचव्या दिवशी त्यांनी चष्मा लावून कच्चा कागद मागितला आणि 'फळांचा मनमोहक सुगंध' या शब्दांवर काट मारली. म्हणाले, "मनमोहक म्हणजे काय? फळ कोणतं ते लिही. लोक जेवायला येणार आहेत, भाषण ऐकायला नाही." अर्जदाराने पुन्हा वास घेतला आणि लिहिले : 'पिकलेल्या पेरूचा वास.' संपूर्ण यादी या रीतीने झाली. तिच्यातील प्रत्येक शब्द पेल्यात सापडतो. न सापडल्यास बाटली परत घेऊ, असे यादीच्या तळाशी छापलेले आहे.

४. दि. १४ एप्रिल रोजी एका वितरकाचे प्रतिनिधी शंकरसिंग पळसबनमध्ये आले. त्यांनी काचेचा मोठा फ्रीज, दारावरची पाटी आणि गुळगुळीत कागदावरची छापील इंग्रजी यादी फुकट देऊ केली. अट एकच : अर्जदाराची यादी बंद करावी व त्यांच्याच कंपनीच्या चौदा वाइन ठेवाव्यात. अर्जदाराने त्या चौदाही चाखल्या. दोन बऱ्या होत्या व त्या घेण्याची तयारी तिने दाखवली. त्यावर ते म्हणाले, "मॅडम, इथं कोन वास घेऊन पिते? लाल द्या, पांढरी द्या, झालं. कायले येवढा ताप करून घेता?" अर्जदाराने त्यांना चहा पाजला व नकार दिला.

पुढील आठवड्यात आपल्या कार्यालयाकडे निनावी तक्रार आली. ती कोणी केली हे अर्जदारास ठाऊक नाही. तर्क लिहिण्याची ही जागाही नव्हे.

५. दि. ९ मे रोजी दुपारी आपले पथक आले. मंजूर नकाशात वाइनचा साठा गल्ल्यामागील कपाटात दाखवलेला असताना तो मागील खोलीत सापडला, हा गुन्हा नोंदवण्यात आला. वस्तुस्थिती अर्जदारास मान्य आहे. मागील खोली उत्तरेकडची असून तेथे रात्रंदिवस एसी चालू असतो. गल्ल्यामागच्या कपाटावर दुपारचे ऊन येते. मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यात त्या कपाटात ठेवलेली वाइन पंधरवड्यात काढा होते. अर्जदाराने नकाशातील बदलासाठी मार्चमध्ये अर्ज दिला होता. त्याची पोच सोबत जोडली आहे. निकाल येईपर्यंत वाइनला थांबा म्हणता येत नाही, म्हणून तिने साठा हलवला. वाइन थंड जागी ठेवली, एवढाच तो अपराध.

बासष्ट बाटल्या आपल्या वाहनात चढवताना अर्जदाराने पथकास हात जोडून सांगितले की, सील करा, कुलूप घाला, चावी आपल्याकडे ठेवा, पण माल याच खोलीत राहू द्या. तसे लेखीही दिले. उत्तर मिळाले, "मुद्देमाल कार्यालयातच राहतो."

६. तो कार्यालयात राहिला नाही. आवारातील पत्र्याच्या शेडमध्ये, जप्त केलेल्या मोटारसायकलींशेजारी, दि. ९ मेपासून चौतीस दिवस राहिला. पारा पंचेचाळीसच्या वर गेला त्या आठवड्यात अर्जदार तीन वेळा आपल्याकडे आली. तिन्ही वेळा आपण दौऱ्यावर होता. परत जाताना आपल्या कार्यालयातील एका माणसाने तिला फाटकाशी गाठून सांगितले, "बाई, बुचं वरते आले तुमचे. खालचा खोका चिकट झाला." त्या माणसाचे नाव अर्जदार लिहिणार नाही. विचारल्यासही सांगणार नाही.

त्या दिवशी घरी येऊन अर्जदार रडली, हे येथे नमूद करण्याचे खरे तर कारण नाही. वडिलांनी मात्र ते नमूद करावे असा आग्रह धरला आहे. हुस्नाबींनी त्या संध्याकाळी मटणाची कढई उतरवून ठेवली आणि म्हणाल्या, "आज भाकर अन् ठेचाच खाऊ."

७. दि. १० जूनच्या पत्राने आपण नकाशातील बदल मंजूर केला, प्रकरण निकाली काढले व माल घेऊन जाण्यास कळवले. त्याबद्दल अर्जदार आभारी आहे. दि. १२ जून रोजी ती आली तेव्हा टेबलावर पावती तयार होती : 'वरील ६२ बाटल्या सुस्थितीत मिळाल्या. तक्रार नाही.'

त्याच सकाळी शेडमधून दालनात आणलेल्या बाटल्या अर्जदाराने आधी पाहिल्या. एकोणीस बाटल्यांची बुचे वर सरकली होती आणि लेबलांवर ओघळ वाळले होते. पांढऱ्या वाइनचा रंग चहासारखा झाला होता. खोक्यातून उकडलेल्या मनुकांचा वास येत होता. जिथे पेरू लिहिला आहे तिथे मनुका. एक बाटली पंचांसमक्ष उघडून पाहावी, ही तिची विनंती 'कार्यालयात मद्य उघडता येत नाही' म्हणून अमान्य झाली. मग आपण म्हणालात, "मॅडम, कागदावर सही करा, मग फोडा, विका, प्या, तुमचा प्रश्न. इथं कोणाला फरक कळतो? सही नसेल तर परवान्याच्या नूतनीकरणाची फाइल पुढं जाणार नाही."

८. महोदय, फरक कळतो. अकरा महिने दर सोमवारी जी तीन माणसे गुमान जेवायला बसली, त्यांना कळतो. ज्यांनी थेंबही घेतला नाही त्या हुस्नाबींना सर्वांत आधी कळला होता. सही केली तर कागदोपत्री बासष्ट चांगल्या बाटल्या पळसबनमध्ये आल्या असे होईल. मग उद्या त्यांतली एखादी ओतली काय, न ओतली काय, अर्जदाराची यादी खोटी ठरेल. अर्जदाराला आमिष दाखवून वा घाबरवून ती यादी कोणी बंद करू शकले नाही. तिच्याच सहीने ती खोटी व्हावी, हे होणे नाही.

दि. १२ रोजी रात्री जेवताना तिने वडिलांना विचारले की परवाना गेला तर काय. त्यांनी ताटातला हात थांबवला. "मी अडतीस वर्षं सरकारी कागद लिहिले. चुकीचे पुष्कळ लिहिले असतील. खोटा एकही नाही. तू दारू विकतेस ते मला अजून पटलेलं नाही. पण ही सही केलीस तर मी तुझ्याकडे जेवणार नाही." हा अर्जही त्यांनीच तपासला असून 'कृपावंत होऊन' हे शब्द दोन ठिकाणी खोडले आहेत.

९. पळसबन चालू आहे, पण फाइल अडल्याने नवी वाइन घेता येत नाही. यादीही टेबलांवर आहे. तिच्यावर एक ओळ शिक्क्याने छापली आहे : 'तूर्त एकही वाइन उपलब्ध नाही. जी होती ती उन्हाने बिघडली.' यात शासनाचा उल्लेख नाही. परवा, शनिवारी, वर उल्लेखिलेले दंतवैद्य पत्नीसह आले. पत्नीने यादी शेवटपर्यंत वाचली, बेलाचे सरबत मागवले आणि भरीत येताच विचारले, "असती तर कोणती दिली असती?" अर्जदाराने सांगितले. त्या म्हणाल्या, "मग ती येईपर्यंत आम्ही हेच पीत जाऊ." त्या रात्री आणखी चार टेबलांनी तेच विचारले.

१०. सबब मागणी अशी की :

अ) बाटल्यांच्या आजच्या अवस्थेचा पंचनामा पंचांसमक्ष व्हावा आणि प्रत्येक प्रकारातील एक बाटली उघडून तपासली जावी. कार्यालयात उघडता येत नसल्यास अर्जदार आवाराबाहेर टेबल मांडून देईल.

ब) परवान्याची फाइल या सहीशी न जोडता पुढे पाठवावी. तसा नियम असल्यास त्याचा क्रमांक कळवावा. आपण तो तोंडी सांगितला नाही व अर्जदारास पुस्तकात सापडला नाही.

क) पावतीचा मजकूर बदलावा. नवीन मजकूर अर्जदाराने स्वतःच्या हाताने लिहून सोबत जोडला आहे : 'वाइनच्या ६२ बाटल्या, उष्णतेने बिघडलेल्या, पिण्यास अयोग्य, मिळाल्या. शेडमध्ये ३४ दिवस होत्या.' या मजकुरावर ती केव्हाही, उभ्या उभ्या सही देईल. दुसऱ्या मजकुरासाठी तिला पुन्हा बोलावण्याची तसदी घेऊ नये.

आपल्याविषयी आदर आणि त्या पावतीस विरोध, दोन्ही राखून,

(सही)
आभा यज्ञेश्वर पांढरीपांडे
सावरधरा, दि. १६ जून २०२५

सोबत :
१) नकाशातील बदलाच्या अर्जाची पोच, मार्च २०२५.
२) माल जागेवरच ठेवण्याबाबत दिलेले लेखी निवेदन, दि. ९ मे २०२५.
३) पळसबनची वाइन-यादी, एक प्रत, शिक्क्यासह.
४) नवीन पावती, दोन प्रती. अर्जदाराची सही झालेली आहे. आपली व्हावयाची आहे.