करंगळीशेजारचं बोट

धुळे,
ता. ३ फेब्रुवारी २०२६

चि. जीवन यास सविताअक्काचा सप्रेम जयभीम.

फोनवर बोलायला घरात आडोसा नाही, म्हणून लिहिते. युवराजला मुलगी झाली हे तुला कळलंच. पण तिच्या डाव्या हाताला करंगळीशेजारी सहावं बोट आहे, हे कळवलं नव्हतं. सप्टेंबरातल्या ग्रहणात सूनबाई विळीवर भेंडी चिरत बसली होती. आपल्यात ग्रहण पाळत नाहीत, महिला मंडळात मीच ठासून सांगते. तरी नामकरणाला आलेल्या बायकांसमोर माझ्या तोंडून निघून गेलं की वृषाली, हे तुझ्या विळीचं काम. ती त्याच संध्याकाळी पोरीला घेऊन माहेरी बोदवडला गेली. युवराज माझ्याशी बोलत नाही. तू कॉलेजात जीवशास्त्र शिकवतोस, तर मी चुकले का ते सांग.

मुलांना पापा. बहिणीवर रागावू नकोस.

सविताअक्का

जळगाव,
ता. ९ फेब्रुवारी २०२६

ती. अक्का हिस धाकट्या जीवनचा सविनय जयभीम वि. वि.

चुकलीस, आणि मंडळाची अध्यक्ष असून चुकलीस! बाळाचा हात पोटात दुसऱ्या महिन्यातच घडतो. आधी तो उलथन्यासारखा चपटा असतो. बोटं कुठे आणि किती फुटायची, हे जनुकं ठरवतात. एखाद्या जनुकात फरक असला की बोट जास्तीचं येतं. ग्रहणाच्या वेळी वृषालीला पाचवा महिना होता, तोवर पोरीची बोटं केव्हाच तयार झाली होती.

असा फरक बऱ्याचदा घराण्यातून येतो, म्हणून काल भडगावला द्रौपदामावशीकडे जाऊन आलो. अक्का, तुझ्या उजव्या करंगळीच्या कडेची ती चामखीळ नव्हे. जन्मतः तिथे तुला बोट होतं. सुईणीने दोरा बांधून ते पाडलं. मावशी म्हणाली, बठ्ठास्ले माहीत शे, सविताले सोडीसन. म्हणजे तू सोडून सगळ्यांना ठाऊक. बोट पाडलं तरी जनुक राहतंच. युवराजमध्ये ते गप्प राहिलं, नातीत उमटलं.

वाईट वाटून घेशील, पण बोदवडला तूच जा. दाजींना जयभीम सांग, आणि तब्येतीला जप.

तुझा जीवन

धुळे,
ता. १६ फेब्रुवारी २०२६

चि. जीवन यास सप्रेम जयभीम.

तुझं पत्र आल्यापासून भाकरी थापताना स्वतःच्या हाताकडे बघवत नाही. खूण माझ्या अंगावर, आणि बोल लावला दुसऱ्याच्या लेकीला. तोही चारचौघींत. लाज वाटते रे.

काल बोदवडला गेले. विहीणबाईंसमोर हात पुढे केला, मावशीने सांगितलं ते सगळं सांगितलं, वृषालीची माफी मागितली. विहीणबाईंनी चहा ठेवला. वृषालीने परत यायचं अजून ठरवलेलं नाही. मंडळातल्या बायकांनाही सांगणार आहे, तेही मला चुकणार नाही.

पण खरं लागलं ते याच्या आधीच. मी फाटकात आले तेव्हा ती उन्हात पोरीला तेल लावत होती. मला बघताच घाबरली, आणि पोरीच्या त्या तेलकट हातावर घाईघाईने मोजा चढवू लागली.

बहिणीवरची माया कमी करू नकोस.

सविताअक्का