चौथी भिंत आणि उरलेली शाल

शनिवार, अबुधाबी

ती शाल अजून खुर्चीवर पडली आहे. घडी करावीशीही वाटत नाही.

इथल्या मराठी मंडळाचं नाटक मी बसवलं, त्यात सगळ्यांच्या मागे लागून एकच गोष्ट शिकवली होती. युरोपातल्या वास्तववादी नाटकवाल्यांसारखं, प्रेक्षकांच्या बाजूला चौथी भिंत आहे असं समजायचं. तिकडे बघायचं नाही, म्हणजे नाही. महेश बिचारा पार शारजाच्या पलीकडच्या हमरियाहून ड्यूटी संपवून तालमीला यायचा. आज शेवटच्या प्रवेशात मेलेल्या आईजवळ बसून तो खरंच रडत होता. पुढच्या रांगेतली पोरंसुद्धा गप्प झाली होती.

आणि तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष माईक घेऊन स्टेजवर चढले! “प्रमुख पाहुणे ट्रॅफिकमध्ये अडकले होते. दोनच मिनिटं, सत्कार उरकू, खलास.” शालींचं तबक धरायला कोणी नव्हतं, म्हणून ते मेलेल्या आईच्याच हातात दिलं. वैशाली उठली काय, तबक धरलं काय, फोटोसाठी हसली काय! मग परत आडवी झाली. महेशने पुन्हा रडायचं तरी कसं?

विंगेत लेक म्हणाली, “मम्मा, चिल. एव्हरीवन लव्ह्ड इट.”

हो, टाळ्या पडल्या ना! एक शाल उरली होती, म्हणून शेवटी मलाही वर बोलावलं. शाल नाकारायची, चार शब्द सुनावायचे, सगळं ठरवून चढले होते. शाल खांद्यावर पडली. फोटोग्राफर म्हणाला, “मॅडम, इधर.”

आणि मी त्या भिंतीतून सरळ प्रेक्षकांकडे बघून हसले. वैशालीपेक्षा छान.