लाकूड धरून सांगितलेला आकडा

आबा, आज आमच्या घरावर एकही कौल नाही. स्वयंपाकघरात चुलीपाशी ऊन आलंय, जिथं लग्न होऊन आल्यापासून मी दिवसाही दिवा लावूनच डाळ निवडत आले. त्या उजेडात बसून लिहिते आहे, आणि तुमच्यावर चिडून लिहिते आहे, हे आधीच सांगते. तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली. माणूस गेलं की राग ओसरतो म्हणतात. माझा काल कौलं उतरवताना पुन्हा वर आला.

लिहायला तुम्हीच शिकवलंत. सुताराच्या पोरीला शाळा कशाला, असं भावकी म्हणत असताना मला शाळेत घातलंत, कारण तुम्हाला अंदाज लिहून द्यायला घरात कुणीतरी हवं होतं. तेव्हा आगगाडीनं मंगळुरी कौलं यायला लागली होती आणि शिवाजी पेठेत ज्याला त्याला आपल्या घरावर ती लाल चपटी कौलं हवी झाली होती. गिऱ्हाईक यायचं, विचारायचं, "मिस्त्री, कौलं बदलायला किती पडतील?" दुसरा कुणी असता तर बसल्या जागी हजार कौलांचा भाव सांगून मोकळा झाला असता. तुम्ही शिडी मागायचात. वर चढून लाकूड तासायच्या वाकसाच्या दांड्यानं एकेक वासा ठोकायचात, कान लावून ऐकायचात आणि अर्धा दिवस घालवून खाली यायचात. मग मला आकडा लिहायला सांगायचात, तो सगळ्याचा. कौलं, फुटतील म्हणून शंभर कौलं जास्त, ठेसनावरनं गाडीभाडं, आढ्यावरची कौलं आणि चुना, जुनं उतरवायची मजुरी, चिरीव सागवान, कौलं अडकवायला नव्या रिपा, आणि वर घर उघडल्यावर जे निघेल त्यासाठी थोडे. लाकूडच निम्म्याच्या आसपास जायचं. गिऱ्हाईक आकडा ऐकून उठायचं. एकजण तर म्हणाला, "आवो, म्या छप्पर इचारलं, राजवाडा न्हाई." आणि तो दुसऱ्याकडे गेला.

आई चिडायची. "निम्मं आज सांगा, निम्मं घर उघडल्यावर सांगा. समदी तसंच करत्यात की." तुम्ही भाकरी मोडत म्हणायचात, "उघड्या घरात बसल्याला माणूस न्हाई म्हणू शकत न्हाई. त्यो भाव न्हाई, ती लूट हाय." बोलायला छान. पण तुमच्या या खरेपणापायी आमच्या ताटात किती दिवस नुसतं आमटीचं पाणी होतं, ते तुमच्या ध्यानात तरी होतं का? सुताराचं मन बाभळीवर म्हणतात तसं तुमचं. जेवताना समोरच्या माणसाऐवजी त्याच्या डोक्यावरच्या आढ्याकडे बघायचात.

मग आमच्या घराची वेळ आली. जुनी नळीची कौलं होती, दर उन्हाळ्यात चाळून घ्यावी लागायची. म्हशींच्या धंद्यात ह्यांचा जरा जम बसला आणि ह्यांनी ठरवलं, मंगळुरी घालायची. तुम्ही आलात, शिडी लावलीत, वासे ठोकलेत. उतरून सरळ जावयाशी बोलायचं की नाही? नाही. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही आणि जावयापुढं पैशाची गोष्ट काढायची नाही, हा तुमचा नेम. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलात, घरनं आणलेल्या तांब्यातलं पाणी प्यालात आणि मला हळूच म्हणालात, "दोनशे सत्तर हुतील. कौलं, भाडं, गडी मिळून एकशे तीस. बाकीचं लाकूड आन वरखर्च. वासं वाकडं हाईत पोरी, नळीचं कौल वाकड्यावर बसतंय, मंगळुरी बसत न्हाई. जावयाच्या कानावर घाल." तुमची मजुरी त्या आकड्यात नव्हती, हेही मला कळलं होतं.

मी ह्यांना एकशे तीस सांगितले.

का सांगितले, हे मी दहा वर्षं स्वतःला वेगवेगळ्या प्रकारे समजावलंय. ह्यांच्या तालमीतली माणसं म्हणतील सासऱ्यानं जावयाला गाठलं, हे एक. ह्यांना त्या वर्षी अजून एक म्हैस घ्यायची होती, हे दुसरं. आणि खरं म्हणजे लहानपणापासून तुमचे आकडे ऐकून उठून गेलेली माणसं मी बघितली होती. माझ्या नवऱ्यानं तसं उठलेलं मला बघवलं नसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हटलं. वासे काय, चालतील.

तुम्ही कामाला आलात तेव्हा अंगणात नुसती कौलं रचलेली. लाकडाची एक फळी नाही. तुम्ही कौलांकडे बघितलंत, मग माझ्याकडे. मी परातीत कणीक मळत होते, मान वर केली नाही. तेव्हा विचारायचंत, आबा. "काय गं, सांगितलंस का न्हाईस?" एवढंच. मी त्याच क्षणी रडून सगळं ओकले असते. पण जावयानंच लाकूड नाकारलं असं तुम्ही धरून चाललात, आणि ते विचारणं म्हणजे पैसे मागणं, म्हणून तोंड शिवलंत. दहा वर्षं मला याचाच संताप येतो. लोकांच्या घरी खरं बोलायला तुमची जीभ कधी अडखळली नाही, ती नेमकी माझ्याच दारात कशी गोठली? बारा दिवस तुम्ही त्या वाकड्या वाशांवर राबलात, स्वतःची भाकरी बांधून आणून. पहिल्याच पावसाळ्यात माजघर गळलं. पेठेत बोभाटा झाला की मिस्त्रीला लेकीचं घर शाकारता आलं नाही, त्याला मंगळुरी काय जमणार. त्यानंतर तुम्हाला मोठं काम मिळालं नाही. तुम्ही पाट आणि पाळणे करत बसलात. मी बघत होते.

गळती थांबेना म्हणून ह्यांनी बोलावलेले आजऱ्याकडचे एक म्हातारे मुसलमान मिस्त्री काल आले. वासे बघितल्याशिवाय आकडा सांगणार नाही म्हणत त्यांनी कौलं उतरवली आणि वरनंच हाक मारली, "पावणं, हे कुणी केलंय?" प्रत्येक वाशावर, प्रत्येक रिपेखाली सागाची बारीक पाचर होती. जिथं वासा खचलाय तिथं जाड, जिथं उचललाय तिथं तासून पातळ. शेकडो असतील. "चुकीचं काम हाय," ते म्हणाले, "पर करणारा ल्हान माणूस न्हाई. लाकूड दिलं न्हाई वाटतं कुणी त्येला." हे खाली उभे होते. म्हणाले, "माझ्या सासऱ्यानं लाकूड मागितलंच न्हवतं." मी दारात होते.

मिस्त्रींनी तीनशे नव्वद सांगितले. लढाईपायी लाकूड महागलंय, बरीच कौलं नवी घ्यावी लागतील, आणि सगळे वासे बदलायचे. ह्यांचं डोकं फिरलं. "आबांनी एकशे तीसात केलतं. आबा कसं बी असूदे, खोटं सांगणारा माणूस न्हवता. ह्यो तिप्पट मागतोय." असं म्हणून सकाळीच हे उचगावला गेले. तिथला कोणी दीडशेत, याच वाशांवर कौलं परत चढवून द्यायला तयार आहे. म्हणजे माझाच खोटा आकडा तुमच्या नावानं उभा आहे. मी आज गप्प बसले तर घर पुन्हा गळणार, आणि एका खऱ्या मिस्त्रीला लबाड ठरवून हाकललं जाणार.

दिवे लागायच्या आत हे परततील. आले की सांगायचं आहे: आबांनी दोनशे सत्तर सांगितले होते, लाकडासकट, मी कमी केले. दुसरं काही नको. ह्यांचा राग मला झेपेल, म्हैस विकावी लागली तरी झेपेल. हा कागद मी चुलीत घालीन, तुमच्यापर्यंत पोचायचा त्याला रस्ता नाही.

फक्त एक. आत्ता घरात कुणी नाही म्हणून मी ते वाक्य मोठ्यानं म्हणून बघितलं, ह्यांच्यासमोर जीभ अडखळू नये म्हणून. आबा, तोंडातून दोनशेच निघाले.