पंख्याखालून सरकवलेलं टेबल

बाई, सर्वप्रथम एक गंभीर तक्रार. या देशात घरांच्या छताला पंखे नसतात. समुद्र मागे हटवून त्याच्या तळावर, आम्ही राहतो त्या आल्मेरेसारखं अख्खं गाव वसवणाऱ्या या लोकांना छताला एक पंखा टांगायचं काही सुचलं नाही. वर्षातले आठ-दहा दिवस चांगलंच उकडतं, तेव्हा सगळे धावत जाऊन टेबलफॅन आणतात आणि तो जिकडे वळेल तिकडे आपणही सरकत बसतात. उरलेलं वर्ष छत आपलं कोरं. आता तुम्हीच सांगा, आडवं पडून वर पाहिलं आणि फिरणारं काही दिसलंच नाही, तर माणसाने विचार करायचा कसा? हे मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, पंखा होता तेव्हाही तू झोपतच होतास. तुमची आणि तिची गाठ पडायला हवी होती.

पंख्यावरून तुमची आठवण निघण्याला कारण आहे, पण ते क्रमाने येऊ दे. विषय सोडून बोललं की तुम्ही खडूचा तुकडा टेबलावर दोनदा आपटायचात, आणि तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली तरी त्या आवाजाने मी अजून सरळ बसतो.

माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. मराठी तिला सगळं कळतं. उत्तर मात्र इंग्रजीत येतं, आणि फार राग आला की डचमध्ये. गेल्या महिन्यात एका दुपारी ती डच बोलतच घरात शिरली. सायकल अंगणात आडवी टाकलेली, दप्तर जिन्यात. शाळेत वादविवाद होता. विषय अमेरिकेचा, कारण इथल्या लोकांना स्वतःच्या मंत्रिमंडळापेक्षा अमेरिकेतल्या निवडणुकांची जास्त माहिती असते. तिथल्या पुढाऱ्यांना प्रचारासाठी लोकांनी किती पैसे द्यावेत, यावर कायद्याने मर्यादा असावी की नसावी? चिठ्ठ्या टाकून बाजू ठरल्या आणि हिच्या वाट्याला आलं, नसावी. हिचं मत नेमकं उलट. तिथला प्रत्येक पुढारी कोणीतरी विकत घेतलेला आहे अशी तिची खात्री, आणि ती खात्री ती जेवणाच्या टेबलावर रोज वाढते. शिक्षकांना ईमेल करून नाव काढून घेते, म्हणाली. जे मला खोटं वाटतं ते मी बोलणार नाही. मला तिचा अभिमान वाटला, आणि त्याच क्षणी खडू दोनदा वाजला.

तुम्हाला आमचा नववीचा वर्ग आठवत असेल. पूर्ण संस्कृत घेतलेले आम्ही अकरा जण, आणि शनिवारच्या सकाळच्या शाळेचा शेवटचा तास. पूर्वपक्ष हा शब्द इतर कुणी शिकवला असता तर आम्ही तो परीक्षेपुरता पाठ केला असता. तुम्ही तो आमच्याकडून कुस्तीसारखा घटवून घेतलात. नियम एकच: "समोरच्याचं म्हणणं आधी तू मांड. तो 'हो, हेच' म्हणत नाही तोवर स्वतःचं तोंड उघडायचं नाही." आणि तो हट्टी असेल तर अर्धा तास 'नाही' म्हणत बसायचा, आणि तुम्ही खिडकीबाहेर बघत बसायचात. घाई तुम्हाला कधी नव्हतीच.

त्याच वर्षी निवडणुका आल्या, आणि त्यांच्या आठवडाभर आधी शाळेत सहा पंखे आले. उभ्या राहिलेल्या एका पुढाऱ्याने दिलेले. प्रत्येक पंख्याच्या तीन पात्यांवर लाल ऑइलपेंटने मजकूर होता: एकावर त्यांचं नाव, दुसऱ्यावर आडनाव, तिसऱ्यावर 'यांजकडून सप्रेम'. पंखा फिरत असला की यातलं काहीच वाचता यायचं नाही. वीज गेली की, आणि वीज तेव्हा रोजच जायची, तो हळूहळू मंदावायचा आणि थांबताना कुठलं पातं समोर येतं यावर आम्ही पैजा लावायचो. पण पहिल्या दिवशी मी पैजा लावायच्या मनःस्थितीत नव्हतो. मी उभा राहून भर वर्गात म्हणालो, हे मतांसाठी आहे, पंखा परत पाठवा. मला वाटलं तुम्ही शाबासकी द्याल. तुम्ही म्हणालात, "राग आलाय ते दिसलं. मुद्दा कुठे आहे? शनिवारी तू पंखा ठेवायच्या बाजूने बोल."

चार दिवस मी तुमच्याशी नीट बोललो नाही. शनिवारी मात्र उभा राहिलो आणि काय झालं कुणास ठाऊक, मुद्दे येतच गेले. घाम गाळणाऱ्या पोरांना मतदानाचा हक्क नाही, मग त्यांचं मत विकत कसं घेणार? परत पाठवला तर तो पंखा कुणा सोयऱ्याच्या ओसरीत लागेल. आणि याने निदान पात्यावर नाव लिहून दिलंय. भीती न लिहिता देणाऱ्यांची बाळगावी. समोर एक मुलगी होती, चुणचुणीत. ती म्हणाली, नाव लिहिलंय हेच वाईट, रोज मान वर केली की तेच. पण हात वर करायची वेळ आली तेव्हा अकरापैकी आठ हात पंखा ठेवायच्या बाजूने. जिंकलो. घरी जाताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते. ज्या गोष्टीवर विश्वास नाही ती मी आठ जणांना पटवली होती. त्या नशेवर, बाई, मी आजवर पोट भरतोय. झुइडास या इथल्या बड्या कंपन्यांच्या भागातल्या ऑफिसात दोन टीमचं पटेनासं झालं की मला मीटिंगला बोलावतात. मी यांचं म्हणणं त्यांना आणि त्यांचं यांना असं काही सांगतो की दोघेही माना डोलावतात. माझं पद काय आहे ते मला स्वतःलाही नीट सांगता येत नाही, पण काम हे आहे.

तर ईमेल पाठवण्याआधी मी मुलीला शेजाऱ्यांकडे नेलं. शेजारी अमेरिकन जोडपं आहे, पन्नाशीपुढचं. तिथल्या दोन मोठ्या पक्षांच्या खुणा हत्ती आणि गाढव. नवरा हत्तीवाला, बायको गाढववाली, आणि लग्नाला चोवीस वर्षं. त्यांचं भांडण कुंपणापलीकडून ऐकून आम्हाला तोंडपाठ आहे. तुमचा अमका विकला गेला, असं तो म्हणतो. तुमचा तमका आधीच विकलेला होता, असं ती म्हणते. पुढारी बदलतात, वाक्यं बदलत नाहीत. स्वतःच्या माणसाचं पाप ही चूक असते आणि दुसऱ्याच्या माणसाची चूक हे पाप असतं. हे मात्र आपल्याकडेही तसंच आहे, त्यासाठी अमेरिकेला जायला नको.

रविवारची सकाळ होती. तो शेगडीपाशी पॅनकेक करत उभा, ती टेबलाशी कॉफी घेऊन. मी तुमचा नियम सांगितला. ती हसली आणि म्हणाली, सोपं आहे, चोवीस वर्षं ऐकतेय. मग तिने सुरुवात केली: याला वाटतं श्रीमंतांनी हवं ते विकत घ्यावं. त्याने पाठमोरंच सांगितलं, नाही. तिने दुसऱ्यांदा मांडलं, जरा गोड करून. नाही. तिसऱ्यांदा. नाही. मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मग शेजारणीने कप बाजूला सरकवला आणि ती हळू बोलायला लागली. नियम करणारे आधीच खुर्चीत बसलेले असतात, असं याला वाटतं. खुर्चीतल्या माणसाला सगळे ओळखतात. नव्या माणसाला नुसती ओळख करून द्यायलाच पैसे लागतात. म्हणून मर्यादा घातली की खुर्चीतला सुरक्षित होतो. मग म्हणाली, "आणि लहानपणी हा बोलताना अडखळायचा. चारचौघांत याला अजून नीट बोलता येत नाही. पैसे देणं ही याची बोलायची पद्धत आहे. ती कुणी मोजून द्यावी, हे याला सहन होत नाही."

त्याने शेगडी बंद केली. "हो," म्हणाला. "हेच."

मग त्याची पाळी. त्याला एकदाच बोलावं लागलं. हिला पैशांचा राग नाहीच, तो म्हणाला. हिच्या आईच्या गावी कारखाना नदीत घाण सोडायचा. आईने तिथल्या लोकप्रतिनिधीला चार वर्षं पत्रं लिहिली, हाताने, चांगल्या कागदावर. एकाचंही उत्तर आलं नाही. कारखान्याचा मालक त्याच्या प्रचाराला पैसे देत होता, आणि मालकाचा फोन मात्र पहिल्या घंटीला उचलला जायचा. हिचं म्हणणं एवढंच आहे की पत्राचं वजन त्यावरच्या पोस्टाच्या तिकिटाइतकंच असावं, कुणाचंही असो. तिने होकारार्थी मान डोलावली. माझ्या मुलीने विचारलं, तो लोकप्रतिनिधी कुठल्या पक्षाचा? शेजारीण म्हणाली, "माझ्याच." आणि नवऱ्याकडे बघून पुढे म्हणाली, पक्षाचं तेवढं इतक्या वर्षांत मी याला सांगितलं नव्हतं.

पुढचं तर तुम्हाला खरंही वाटणार नाही. कुणी, कुणाला, किती दिले याच्या याद्या तिथे सगळ्यांसाठी खुल्या असतात. मुलीने फोन काढला, शेजाऱ्याचं नाव टाकलं, आणि आल्मेरेतल्या त्या स्वयंपाकघरात त्याचं नाव, त्याचं गाव, त्याचा धंदा आणि त्याची देणगी समोर आली. त्याच्या खाली कुणी दाताचा डॉक्टर, कुणी निवृत्त शिक्षिका, कुणी ट्रक चालवणारा, यादी संपेचना. फिरता पंखा कुणीतरी हाताने थांबवावा आणि तिन्ही पाती सावकाश वाचू द्यावीत, तसं. सगळाच पैसा असा दिसत नाही, शेजारणीने लगेच सांगितलं. मोठी पाती अजून फिरतातच. तो म्हणाला, माझं नाव असं चव्हाट्यावर कशाला? ती म्हणाली, असायलाच हवं. आणि असं भांडत दोघं डोक्याला डोकं लावून ती यादी वाचत होती. बाई, मी बघत राहिलो. तुम्ही त्या तालुक्याच्या गावात अकरा पोरांना जे शिकवलंत, ते सात समुद्रांपलीकडच्या दोन माणसांना एका सकाळी जमलं, आणि इतक्या वर्षांच्या संसारात सापडलं नव्हतं ते सापडलं. तुमच्यापुढे हात जोडावेत की त्यांच्यापुढे हे कळेना, म्हणून गार झालेला पॅनकेक खाल्ला.

ईमेल गेला नाही. मुलगी मर्यादेच्या विरोधात बोलली आणि जिंकली. मी मागच्या रांगेत होतो. तिने खुर्चीतल्या माणसाचा मुद्दा मांडला तेव्हा हॉलमधली मुलं पुढे झुकून ऐकायला लागली, आणि मला माझे पंधराव्या वर्षीचे पाय आठवले. घरी येताना आम्ही सायकली शेजारी शेजारी चालवत होतो. मी अभिनंदन केलं. ती इंग्रजीत म्हणाली, थँक्स बाबा. मग थोड्या वेळाने, अगदी सहज, पुढचं म्हणाली. काहीही सिद्ध करता येतं, नाही का? मग इतकं चिडायचं तरी कशाला? सगळ्यांचंच बरोबर असतं. महिनाभरापूर्वी डच बोलत घरात शिरलेली मुलगी ती हीच. आवाजात राग नव्हता, दुःखही नव्हतं. मला तिथेच सायकल थांबवावीशी वाटली.

घरी पोह्यांची बशी पुढे ओढत तिने विचारलं, तुला काय वाटतं बाबा, मर्यादा असावी की नसावी? मी सांगायला लागलो. एका बाजूने पाहिलं तर असं, दुसऱ्या बाजूने पाहिलं तर तसं. तिने चमचा खाली ठेवला आणि चक्क मराठीत म्हणाली, "मी तुला विचारलं. मीटिंगला नाही."

मी तिच्या बशीत आणखी पोहे वाढले. मग तिने विचारलं, आणि तुझ्या त्या बाईंना? त्यांना पंख्याबद्दल स्वतःला काय वाटत होतं? मी म्हणालो, त्या कधीच बोलल्या नाहीत. ती खांदे उडवून वर तिच्या खोलीत गेली. आणि मी त्या बशीसमोर बसलेला असताना, बाई, मला तुमचं टेबल दिसलं.

त्या शनिवारनंतरच्या सोमवारी तुमचं टेबल सरकलेलं होतं. वर्गाच्या मधोमध असायचं, म्हणजे आता पंख्याच्या बरोबर खाली, ते खिडकीला लागून गेलं होतं, जिथे वारा पोहोचत नव्हता. कुणीतरी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, इथे उजेड बरा येतो. आठ हातांनी ठरवलेला पंखा आमच्या डोक्यावर गरगरत होता, आणि तुम्ही तो एकदाही बंद करायला सांगितला नाहीत. तो सबंध उन्हाळा तुम्ही हजेरीपत्रकाने वारा घेत शिकवलंत. मानेवरचा घाम पदराने टिपायचात आणि पुढचं वाक्य फोडायला सांगायचात. पुढच्या वर्षीही टेबल तिथेच होतं. आम्ही शाळा सोडली तेव्हाही.

उजेडासाठीच असेल कदाचित. डोळे तुमचे अधू होतेच. आता विचारायला तुम्ही नाही. पण मला तसं वाटत नाही. तुम्ही मला माझ्या विरोधात बोलायला लावलंत, मला जिंकू दिलंत, वर्गाचा निकाल मान्य केलात आणि आपली बाजू एक शब्दही न बोलता उचलून खिडकीपाशी नेऊन ठेवलीत. मी समोरच बसत होतो. मला दिसलं ते फक्त सरकलेलं लाकूड. शनिवारचा धडा मी जन्मभर मिरवला, सोमवारचा माझ्या लक्षातच आला नाही. आणि मुलीला शिकवताना शनिवारचाच शिकवला.

हे पत्र घडी घालून तुम्ही दिलेल्या पुठ्ठा सुटलेल्या शब्दकोशात ठेवून देईन. तिथे ते सुरक्षित आहे. तुम्हाला ते वाचता येणार नाही, आणि वरच्या खोलीतल्या मुलीला देवनागरी वाचता येत नाही. टेबलाची गोष्ट तिला तोंडी सांगायला काहीच हरकत नाही, जिना तेरा पायऱ्यांचा आहे. दोनदा पाचव्या पायरीपर्यंत जाऊन आलो. ती गोष्ट नीट ऐकेल, ऐकते ती. मग विचारेल, बाबा, तुझं टेबल कुठे आहे? आणि बाई, मी पन्नाशी ओलांडली, पण ते मी कधी हलवलेलंच नाही.