तुम्ही फोडलेला शेवट

सर, तुमची प्रस्तावना माझ्यासमोर टेबलावर आहे आणि तिच्यावर मी मुद्दाम चहाचा कप ठेवला आहे. तुम्ही असता तर आधी कप उचलला असता आणि मग माझी खरडपट्टी काढली असती. तुम्ही नाही, म्हणून आज बोलायची पाळी माझी. माझी पहिली कादंबरी मी पुन्हा काढते आहे, या वेळी स्वतः, कोणाचीही मनधरणी न करता. मुखपृष्ठ करून घेतलं, मुद्रितं चांगल्या माणसाकडून तपासून घेतली, छापखाना मीच शोधला. संध्याकाळपर्यंत फाइल गेली पाहिजे. सगळं तयार आहे, फक्त सुरुवातीची काही पानं अडली आहेत, आणि ती तुमची आहेत. ठेवायची की काढायची? माझा हात सकाळपासून ‘काढ’ म्हणतो आहे, आणि मला माझ्या हाताचं पटतं.

तुम्ही स्वतः एकही पुस्तक लिहिलं नाहीत. पण मुळशीत कोणी कवितासंग्रह काढो, गावाचा इतिहास लिहो, नाहीतर सासऱ्याचं चरित्र छापो, प्रस्तावना तुमची. लोक हस्तलिखित घेऊन यायचे आणि सोबत घरच्या तांदळाची पिशवी. तुम्ही पिशवी परत पाठवायचात, हस्तलिखित ठेवून घ्यायचात. त्याचं केवढं कौतुक व्हायचं! आणि प्रत्येक प्रस्तावनेत तुम्ही तेच करायचात: पुस्तकात काय आहे ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगून टाकायचात. कवितासंग्रहाला ते चालतं. चरित्रातला सासरा शेवटी मरणार हे सगळ्यांना माहीतच असतं. पण माझी कादंबरी होती, सर. धरणाच्या पाण्यात होडी उलटते, होडीतली सून सापडत नाही, गाव आधी होडीवाल्यावर संशय घेतं, मग नवऱ्यावर, मग सासूवर. अगदी शेवटी कळतं की ती बुडालीच नव्हती. पोहून पलीकडे गेली आणि गाव सोडून निघून गेली. एवढ्या एका गोष्टीवर सगळी कादंबरी उभी होती, आणि तुम्ही ती दुसऱ्या परिच्छेदात सांगून मोकळे झालात. कशासाठी? आपण पुस्तक पूर्ण वाचलं आहे हे दाखवायला?

तुमच्या स्वयंपाकघरातली ती दुपार मला लख्ख आठवते. काकू चुलीपाशी तांदळाच्या भाकरी थापत आहेत, तुम्ही खिडकीतल्या उजेडात माझी शेवटची पानं धरून बसला आहात, आणि मी उंबऱ्याशी उभी आहे, कारण तुमच्यासमोर बसायची मला तेव्हाही सवय नव्हती. शाळेत तुम्ही प्रमाण मराठी बोलायचात. घरात मात्र गावाचं बोलायचात, आणि टोचायचं ते गावाच्याच बोलीत. पानं खाली ठेवून तुम्ही म्हणालात, “शेवटाला लई बोलतीस पोरी. बाई पाण्यातनं निघून गेली न्हवं? मग तिच्या मागं तीन पानं भाषन कशाला?”

मी म्हणाले, “सर, ते भाषण नाही. बाईच्या स्वातंत्र्याचा विचार आहे तो.”

“व्हय. पन बोलतंय कोन? ती का तू?”

मग मी बोलले. वक्तृत्व स्पर्धांच्या ढाली उगाच जिंकल्या नव्हत्या. स्त्रीचं मौन हे कसं शतकानुशतकं लादलं गेलं आहे, आणि मौनाला सौंदर्य म्हणणारे लोक कोण असतात, हे मी तुम्हाला तुमच्याच स्वयंपाकघरात ऐकवलं. काकूंनी भाकरी उलटली आणि म्हणाल्या, “घ्या. आता बोला.” तुम्ही हसलात. “बरं बाई, तुझं पुस्तक,” म्हणालात. मला वाटलं मी जिंकले. तुम्ही मला जिंकू दिलंत, आणि नंतर माझ्याच पुस्तकाच्या दारात उभं राहून आत येणाऱ्या प्रत्येकाला शेवट सांगितलात. वाद हरून असा सूड घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आणि करार! पुण्याच्या प्रकाशकाने एकच पान पुढे सरकवलं. त्यात छपाई, भाषांतर, नाटक, चित्रपट, सगळे हक्क कायमचे त्यांचे असं लिहिलेलं होतं. मी विचारलं, “कायमचे म्हणजे?” तुम्ही माझ्या कोपराला हात लावलात आणि हळूच म्हणालात, “सही कर. पहिल्याच पुस्तकाला असं विचारणं बरं दिसत नाही.” बरं दिसण्यासाठी मी सही केली. ते हक्क परत मिळवायला प्रकाशनगृह बंद पडावं लागलं. सर, तुम्ही आम्हाला व्याकरण शिकवलंत, मान खाली घालून नमस्कार करायला शिकवलंत; कागद वाचून मग सही करायला का शिकवलं नाहीत? लिहिणाऱ्याने व्यवहाराबद्दल बोललं की तो हलका ठरतो, ही समजूत तुमच्यासारख्या भल्या माणसांनीच जपली. लबाडांना त्यासाठी कष्टही पडले नाहीत.

प्रकाशन समारंभ शाळेच्या हॉलमध्ये झाला. शाल, नारळ, आणि तुमचं भाषण. तिथेही तुम्ही शेवट सांगितलात, वर जरा थांबून, नाट्यमय आवाजात. पहिल्या रांगेतली एक आजी सुटकेचा श्वास टाकून मोठ्याने म्हणाली, “म्हंजी पोरगी जित्ती हाय! बरं झालं बाई, जिवाला घोर लागला व्हता.” आणि हातातली प्रत तिने टेबलावर परत ठेवली. तिचं काम झालं होतं. सगळा हॉल हसला, तुम्हीही हसलात. उरलेल्या प्रती तुमच्या सांगण्यावरून ‘सप्रेम भेट’ म्हणून वाटल्या. मुख्याध्यापकांना, सरपंचांना, बँकेच्या साहेबांना. फुकट आलेलं पुस्तक घरात कुठे जातं हे मी नंतर त्या घरांत चहाला गेल्यावर पाहिलं. टीव्हीच्या कपाटात, लग्नपत्रिकांच्या खाली.

आता पुण्याजवळ नांदे गावात आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये मी रविवारी लिहिणाऱ्यांचा वर्ग घेते. नांदेडची, जळगावची, कोल्हापूरची मुलं येतात, हिंजवडीत नोकरी करतात आणि कॅबमध्ये बसून मोबाइलवर कादंबऱ्या लिहितात. मी तुमच्या प्रत्येक उपदेशाच्या उलट शिकवते. हक्क एकेक करून द्या, मुदत घालून द्या. छापील वेगळा, ई-पुस्तक वेगळं, ऑडिओ वेगळा. मुखपृष्ठ मोबाइलवर अंगठ्याच्या नखाएवढं करून बघा. नाव वाचता आलं नाही तर ते परत करा. नातेवाइकांना प्रती वाटू नका, त्यांना विकत घेऊ द्या, मग ते निदान चुका काढण्यासाठी तरी वाचतील. आणि कथेच्या आधी कोणालाही बोलू देऊ नका. गेल्या रविवारी एक मुलगा हात वर करून म्हणाला, “मॅम, माझ्या थ्रिलरला ऑलरेडी प्रस्तावना मिळालीय. आमच्या ऑफिसातल्या डिलिव्हरी हेडनी दिलीय.”

“खुनी कोण ते लिहिलंय त्यात?”

“पहिल्याच ओळीत. पण नाही कसं म्हणू? माझं अप्रेझल त्यांच्याच हातात आहे ना.”

वर्ग हसून लोळला. मी हसले नाही. मी त्याला पाऊण तास झापलं, सर, आणि झापताना समोर तो नव्हता.

काल तुमच्या लेकीचा फोन आला. ती अजून मुळशीतच आहे, पाण्याकाठच्या रिसॉर्टला शनिवार-रविवारचा स्वयंपाक करून देते. पुस्तक पुन्हा निघतंय हे तिला कुठून तरी कळलं होतं. म्हणाली, “ताई, बाबांचं ते ठेवणार हायंस ना?”

मी म्हणाले, अजून ठरलं नाही.

“तसं न्हाई, तुझं पुस्तक हाय, मी कोन सांगनार. पन बाबांचं सोताचं कायबी न्हाई गं. लोकांच्या पुस्तकांत दोन-दोन पानं, आनि ती पुस्तकं कुटं गेली कुनाला ठावं. तुझं एकच परत निघतंय. माझी पोरगी इचारती, आजोबा लिहायचे म्हंजी काय लिहायचे? काय दाखवू तिला?”

मी वक्ता आहे. हजार माणसांच्या सभेत मला शब्द कमी पडलेला नाही. काल मी फक्त ‘उद्या सांगते’ म्हणाले.

म्हणून आज कप ठेवण्याआधी मी तुमची प्रस्तावना पुन्हा वाचली, चुका शोधायच्या तयारीने. दुसऱ्या परिच्छेदात तुम्ही लिहिलंय: ‘नायिका पलीकडच्या काठावर पदर पिळते, एसटीत चढते आणि मागे वळून बघत नाही, कारण मागून कोणी हाक मारलेली नाही.’ पदर आणि एसटी माझीच, पण हे कारण माझ्या कादंबरीत नाही, सर. माझ्या कादंबरीत ती बघत नाही कारण ती मुक्त झाली आहे, आणि ते सांगायला मला तीन पानं लागली आहेत. होडी उलटल्यापासून शेवटपर्यंत सगळं गाव संशय घेतं, पंचनामा करतं, भांडतं. तिचं नाव घेऊन पाण्याकडे तोंड करून एकही माणूस हाक मारत नाही. हे मीच लिहिलं होतं. दिसलं तुम्हाला. माझा शेवट फोडलात तो फोडलात, वर माझ्यापेक्षा चांगला सांगितलात. याचा राग कसा आवरायचा, तेही शिकवून जायचं होतं.

ते वाक्य मी उचलणार नाही. माणूस गेला तरी त्याचे शब्द त्याच्या वारसांचे असतात, हे मी दर रविवारी टेबलावर हात आपटून सांगते. मी दुपारी फाइल उघडली आणि माझी तीन पानं काढून टाकली. आता ती पदर पिळते, एसटीत चढते, मागे वळून बघत नाही, आणि कादंबरी तिथे संपते. का बघत नाही, ते मी लिहिलेलं नाही. तुमची प्रस्तावना सुरुवातीच्या पानांवरून काढून मी या शेवटाच्या पुढच्या पानावर ठेवली आहे. वाचक पान उलटेल आणि कारण त्याला तुमच्याकडून कळेल.

फाइल गेली. तुमच्या लेकीला फोन करून सांगितलं की ठेवलं आहे. ती रडली, आणि म्हणाली, “तुजं मन लई मोठं हाय ताई.” मी ‘नाही’ म्हटलं नाही. हे पत्र पाठवायचं तर पत्ता तिचाच आहे, आणि ती उघडून वाचेल. म्हणून पाठवत नाही.