शमीमआपांचा मका

मंगळवार, संध्याकाळ. छत्रपती संभाजीनगर

आज पिशोरच्या शमीमआपा प्रयोगशाळेत अहवाल न्यायला आल्या. नवऱ्याला दोनदा कावीळ झाली म्हणून गेल्या आठवड्यात त्यांनीच घरातला मका तपासायला आणून दिला होता. परतीच्या पावसात भिजलेला, हिरवट बुरशी चढलेला. बुरशीचं विष मर्यादेच्या कितीतरी पट निघालं.

"हे विष यकृत खातं," मी म्हटलं. "खाऊ नका. म्हशीलाही घालू नका, दुधात उतरतं."

"धुऊन, चांगला भाजून घेतला तर?"

"तरी जात नाही, आपा."

त्यांनी कागदाची घडी घातली. "दिवाळीपासून याच्याच भाकरी खातोय आम्ही, ताई. पोरीपण. आता पोटात गेलेलं कसं काढावं?"

मक्यातलं विष मला मोजता येतं. पोरींच्या पोटातलं?

मग कळलं, उरलेली पोती त्यांनी आधीच विकली होती. मी व्यापाऱ्याला फोन लावला.

"तो माल कवाच गेला, मॅडम. चार गावचा मका एका ढिगात मिसळला. त्यातला पिशोरचा कोणता, कसं सांगू?"

साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, अहवाल दिला, आपलं काम संपलं.

संपलं का?

ती हिरवट बुरशी डोळ्यांपुढून हलत नाही. घरी आले, तर आईनं मक्याच्याच भाकरी केलेल्या. पीठ कोणत्या दुकानातलं, हे विचारायचं धाडस झालं नाही. भूक लागली होती. खाल्ली.